जुन्नरच्या लेण्यांतील यवनांचे दान व रोमन समाजरचना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मढ हे गाव आहे. ओतूर-जुन्नर परिसरातील कांदा व भाजीपाला आजही या बाजूने घाट उतरून कल्याणकडे जातो. रस्ता अलीकडचा असला तरी मालाची दिशा फार जुनी आहे. याच सह्यधारेवर, मढपासून काही कोसांवर, नाणेघाट आहे. सातवाहनकाळात कल्याण व सोपारा या बंदरांतून निघालेला व्यापारी तांडा नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि तेथून पैठण व तेर या नगरांकडे जाई. घाटमाथ्यावर आजही एक भला मोठा दगडी रांजण दाखविला जातो. जकातीचे नाणे त्यात टाकले जाई, असे लोकपरंपरा सांगते.

या वाटेने सह्याद्री चढून आलेल्या माणसांत रोमन जगातून आलेलेही होते. त्यांपैकी तिघांची नावे जुन्नरच्या कातळावर कोरलेली आहेत. प्रस्तुत लेखात त्या तीन लहानशा शिलालेखांचा विचार करावयाचा आहे. रोमचा इतिहास हा आपल्या अभ्यासाचा विषय का असावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, वर्णव्यवस्थेच्या बाहेर समाज असू शकतो हे दाखविण्यासाठी भगवान बुद्धांनी यवनांचे उदाहरण घेतले आणि अस्पृश्यतेचे खरे स्वरूप उघड करण्यासाठी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रोमचे उदाहरण घेतले. या दोन उदाहरणांच्या मधोमध जुन्नरचे शिलालेख उभे आहेत.

रोमचे सोने आणि सह्याद्रीचे घाट

इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या सत्तेखाली आला आणि तांबड्या समुद्रावरील बंदरे रोमन व्यापाऱ्यांना मोकळी झाली. मौसमी वाऱ्यांचे ज्ञान हाती असल्यामुळे जहाजे उन्हाळ्याच्या अखेरीस इजिप्तमधून निघून थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्यास लागत आणि वारा फिरल्यावर परत जात. मायोस होर्मोस या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जात, असे भूगोलकार स्ट्राबो लिहितो. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका अज्ञात ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच, सोपारा व कल्याण ही बंदरे आणि पैठण व तेर ही देशावरील नगरे नावानिशी येतात. कल्याणच्या बंदरावर त्या सुमारास निर्बंध आले होते आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद त्यात आहे. क्षहरात क्षत्रप आणि सातवाहन यांच्या संघर्षाची ती छाया होय.

या व्यापारात भारतातून सुती कापड, हस्तिदंत, अकीक, मिरी व सुगंधी द्रव्ये जात. तिकडून द्राक्षमद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी येत. भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तेथील माल रोममध्ये शंभरपट किमतीला विकला जातो, अशी तक्रार प्लिनीने नोंदविली आहे. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती मराठवाड्यातील भोकरदन व तेर येथे मिळाल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर समुद्रदेव पोसायडन याची काशाची मूर्ती मिळाली. महाराष्ट्राचे देश हे त्या काळी जगाच्या व्यवहाराचे एक चालते केंद्र होते, ही गोष्ट या पुराव्यांवरून सिद्ध होते.

तथापि या व्यापाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राजासाठी आणावयाच्या मौल्यवान वस्तूंची जी यादी ‘पेरिप्लस’मध्ये दिली आहे, तीत चांदीची पात्रे व उंची मद्य यांच्याबरोबर गाणारी मुले आणि अंतःपुरासाठी सुंदर तरुणी यांचाही उल्लेख आहे. माणसे त्या काळी जहाजात माल म्हणून चढविली जात. अंगुत्तर निकायात भगवंतांनी उपासकाला वर्ज्य असे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रांचा, सजीव प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सजीवांच्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्री येतेच. म्हणजे रोमन जहाजांच्या तळघरातील निदान दोन वस्तू धम्माने स्पष्टपणे निषिद्ध ठरविलेल्या होत्या. व्यापारी धम्माचे आश्रयदाते होते. पण व्यापाराचे सर्व रूप धम्माला मान्य होते असा निष्कर्ष त्यावरून काढता येत नाही.

तीन शिलालेख

जुन्नरभोवतीच्या शिवनेरी, मानमोडी, गणेश लेणी (लेण्याद्री) व तुळजा या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. एका नगराभोवती इतकी बौद्ध लेणी भारतात अन्यत्र क्वचितच आढळतील. येथील चैत्यगृहांत बुद्धमूर्ती कोरलेली नाही. स्तूप हेच पूजास्थान आहे. यावरून त्यांचे प्राचीनत्व लक्षात येते. येथील ब्राह्मी लेखांचे वाचन पंडित भगवानलाल इंद्रजी व जेम्स बर्जेस यांनी १८८१ साली प्रसिद्ध केले.

त्यांपैकी पहिला लेख शिवनेरीच्या डोंगरातील आहे. गतांपैकी यवन इरिल याने दोन पोढी, म्हणजे पाण्याची दोन कोरीव टाकी, दान दिल्याचे तो सांगतो. दुसरा लेखही शिवनेरीवरील असून गतांपैकी यवन चिट याने संघाला भोजनमंडप दिल्याची त्यात नोंद आहे. तिसरा लेख मानमोडी डोंगरातील भूतलिंग गटाच्या चैत्यगृहावर आहे. त्यात यवन चंद याने ‘गभदार’ दिल्याचे म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ गर्भद्वार, म्हणजे चैत्यगृहाचा दर्शनी प्रवेशभाग, असा लावला जातो.

तिन्ही लेख एका ओळीत मावतील एवढे लहान आहेत. दात्याचे नाव, त्याची ओळख आणि देयधर्म, एवढेच त्यांत आहे. राजाचे नाव नाही, वर्ण नाही, फळाची मागणी नाही. इरिल हे नाव परकीय आहे, तर चंद हे नाव येथल्या भाषेत रुळलेले आहे. चंदाने ते येथे आल्यावर घेतले असणे शक्य आहे. ‘गत’ या शब्दाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. युरोपातील गॉथ लोकांशी त्याचा संबंध स्टेन कोनो यांनी १९१२ साली जोडला, परंतु ते मत सर्वमान्य झाले नाही.

‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियन ग्रीकांसाठी होता. पालीत त्याचे रूप ‘योन’ असे होते. पुढे पश्चिमेकडून येणाऱ्या सर्वच लोकांना तो लावला जाऊ लागला. जुन्नर व कार्ल्याचे यवन भारतात स्थायिक झालेले ग्रीकवंशीय होते की रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडील प्रांतांतून आलेले व्यापारी होते, यावर अद्याप चर्चा चालू आहे. तेव्हा ते रोम नगरीचे नागरिक होते असा दावा आम्ही करीत नाही. परंतु हे लेख इ.स.च्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमाराचे आहेत, आणि त्या काळी पश्चिमेच्या सागरी व्यापारातील यवनांचे जग हे रोमच्या सत्तेचे, नाण्याचे व कायद्याचे जग होते, याबद्दल दुमत नाही.

हे तिघे एकटेही नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील सिहधय, यसवधन इत्यादी यवन दात्यांची नावे आहेत. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडील दत्तामित्री येथील यवन धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने चैत्यगृह व टाकी कोरविल्याचा लेख आहे. त्याच्या मुलाचे नाव धम्मरखित. याच नावाचा, योन वंशाचा थेर तिसऱ्या संगीतीनंतर अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, धम्मप्रचारासाठी पाठविला गेला असे ‘महावंस’ सांगतो. ज्या किनाऱ्यावर पुढे यवन व्यापारी उतरले, त्या किनाऱ्यावर धम्म घेऊन येणाराही एक यवनच होता. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालयास मिलिंद या यवन राजाचे नाव दिले आणि त्या परिसरास नागसेनवन म्हटले. त्यामागे इतिहासाची हीच जाणीव होती.

अस्सलायनाला दिलेले उत्तर

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त आपल्या वाचकांना परिचित आहे. श्रावस्तीत जमलेल्या ब्राह्मणांनी अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या विद्वान तरुणाला भगवंतांशी वाद करण्यास पाठविले. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, तो ब्रह्म्याच्या मुखातून जन्मला, हा त्याचा पक्ष होता. भगवंतांनी दिलेल्या अनेक उत्तरांपैकी एक इतिहास-भूगोलाचे आहे. योन, कंबोज आणि इतर सीमेवरील देशांत दोनच वर्ण आहेत, आर्य म्हणजे मालक आणि दास. आणि तेथे मालक असलेला दास होतो व दास असलेला मालक होतो, हे तू ऐकले आहेस काय, असे त्यांनी विचारले. अस्सलायनाला ‘होय’ म्हणावे लागले.

या प्रश्नाचे मर्म नीट समजून घेतले पाहिजे. भगवंतांनी यवनांच्या दासप्रथेची स्तुती केलेली नाही. सजीवांच्या व्यापाराचा निषेध करणाऱ्या शास्त्याकडून ते शक्यही नव्हते. चातुर्वर्ण्य हे जर सृष्टीच्या निर्मात्याने घालून दिले असेल, तर ते सर्वत्र आढळले पाहिजे. सूर्य सर्व देशांत उगवतो, पाऊस सर्व देशांत पडतो. चार वर्ण मात्र एका भूभागात आहेत आणि सीमा ओलांडताच नाहीत. जे सीमेवर थांबते ते माणसाने केलेले असते, आणि माणसाने केलेले माणसाला मोडता येते. समाजशास्त्राची तुलनात्मक पद्धत ज्याला म्हणतात, तिचा हा अतिशय प्राचीन व स्पष्ट नमुना होय.

ब्राह्मणी परंपरेने या प्रश्नाला जे उत्तर शोधले ते मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आहे. यवन, कांबोज, शक इत्यादी लोक मूळचे क्षत्रिय होते. परंतु संस्कारांचा लोप झाल्याने आणि ब्राह्मणांचे दर्शन न घडल्याने ते हळूहळू वृषलत्वाला, म्हणजे शूद्रत्वाला गेले, असे तेथे म्हटले आहे. ज्यांच्या देशात वर्ण नाहीत त्यांना बळेच वर्णात घालून मग पतित ठरवावयाचे, ही ती युक्ती. तीत वर्णव्यवस्था सर्वव्यापी असल्याचा आभास टिकतो आणि परक्याची पायरीही ठरून जाते.

हा केवळ ग्रंथातील वाद नव्हता. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी कोरलेला राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने शक, यवन व पल्हव यांचा नाश केला आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, अशी त्यात प्रशस्ती आहे. लेणे मात्र भदायनीय भिक्षुसंघाला दिलेले आहे. वर्णसंकर थांबविल्याची घोषणा ज्या काळात होत होती, त्याच काळाच्या आसपास जुन्नरच्या डोंगरात यवनांचे दान संघ स्वीकारीत होता. एकाच कातळावर दोन समाजदृष्टी अशा समोरासमोर आलेल्या आहेत.

रोमचा दास आणि रोमचा सामान्य जन

रोमन समाज समतेचा समाज होता काय? मुळीच नाही. खाणीत, शेतमळ्यांवर व आखाड्यात दासांचे जीवन भयानक होते. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात स्पार्टाकसच्या नेतृत्वाखाली दासांनी उठाव केला. तो मोडल्यावर कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने ६००० बंडखोरांना क्रूसावर टांगण्यात आले. इ.स. ६१ मध्ये पेडानियस सेकुंडस या अधिकाऱ्याचा त्याच्याच एका दासाने खून केला, तेव्हा घरातील सर्व ४०० दासांना देहान्त देण्यात आला. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. अशा व्यवस्थेचे गुणगान कोणीही करू नये.

तरीही या व्यवस्थेला एक दार होते. मालकाने रीतसर मुक्त केलेला दास बहुधा रोमचा नागरिक होई. त्याच्यावर काही बंधने राहत. सार्वजनिक पदे त्याला मिळत नसत. परंतु मुक्तीनंतर जन्मलेली त्याची मुले पूर्ण नागरिक ठरत. थोर कवी होरेस हा मुक्त दासाचा पुत्र होता. तत्त्ववेत्ता एपिक्टेटस स्वतः दास होता आणि पुढे नामांकित घराण्यांतील मुले त्याच्यापाशी शिकण्यास येत. इ.स. १९३ मध्ये सम्राट झालेला पर्टिनॅक्स हाही मुक्त दासाचा मुलगा. इ.स. २१२ मध्ये सम्राट काराकल्ला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. दास असलेला मालक होतो, हे भगवंतांचे वाक्य कित्येक शतकांनंतरच्या रोमलाही लागू पडते.

रोमच्या प्रजासत्ताकातील दुसरा झगडा पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांचा. पॅट्रिशियन हे उच्च कुळांचे, तर प्लेबियन हे सामान्य जन. इ.स.पू. ४५० च्या सुमारास तयार झालेल्या बारा पट्टांच्या कायद्याने या दोन वर्गांतील विवाहास बंदी घातली. ती बंदी इ.स.पू. ४४५ मध्ये कॅन्युलियसच्या कायद्याने उठली. इ.स.पू. ३६७ मध्ये कॉन्सल या सर्वोच्च पदांपैकी एक पद प्लेबियनांना खुले झाले. इ.स.पू. ३०० मध्ये पुरोहितांची प्रमुख मंडळेही त्यांना खुली करण्यात आली. विवाह, राज्यपद आणि पौरोहित्य, या तीन पायऱ्या चढण्यास सुमारे दीडशे वर्षे लागली; आणि पौरोहित्याची पायरी सर्वांत शेवटी आली, ही बाब विशेष विचारात घेण्याजोगी आहे.

बाबासाहेबांनी रोमकडे कसे पाहिले

१९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या भाषणात बाबासाहेबांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले ते भाषण मंडळाने होऊ दिले नाही, हा इतिहास सर्वश्रुत आहे. धर्म हे सत्तेचे साधन कसे ठरते, हे दाखविताना त्यांनी रोमच्या प्लेबियनांचे उदाहरण दिले. प्लेबियनांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क होता. पण त्याची निवड देवतेच्या कौलास मान्य व्हावी लागे, आणि कौल सांगणारे पुरोहित पॅट्रिशियनांचे होते. त्यामुळे प्लेबियनांच्या बाजूने ठामपणे उभा राहणारा माणूस पदावर जाणे दुरापास्त होई. मत हाती असूनही श्रद्धेच्या दोरीने हात बांधलेले, अशी त्यांची अवस्था होती. राजकीय हक्क मिळाला तरी मन मुक्त झाल्याखेरीज तो उपयोगी पडत नाही, हा बाबासाहेबांचा निष्कर्ष आहे. त्यानंतर वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे त्यांनी जे पाऊल उचलले त्याचे एक बीज या युक्तिवादात दिसते.

दास आणि अस्पृश्य यांची तुलना त्यांनी दुसऱ्या एका लेखनात केली. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात ते आले आहे. रोमन दासप्रथेवरील बॅरो यांच्या ग्रंथाचा आधार घेऊन त्यांनी असे दाखविले की, रोममधील दास वैद्य होते, शिक्षक होते, लेखनिक होते, ग्रंथालये सांभाळीत होते. कायद्याने दास ही वस्तू होती. पण मौल्यवान वस्तू म्हणून मालक तिला जपत असे आणि कसब शिकवीत असे. अस्पृश्य कायद्याने मनुष्य होता. पण विद्येचे, कसबाचे व सन्मानाच्या व्यवसायाचे दार त्याला बंद होते. दास घरात वावरत असे, अस्पृश्याची सावलीही नकोशी होती. दास मुक्त होऊ शके. अस्पृश्यतेतून मुक्त करण्याचा अधिकार कोणाही मालकाकडे नव्हता, कारण तिचा मालक म्हणजे सारा समाज होता.

दासप्रथा चांगली, असा याचा अर्थ कोणी काढला तर तो विपर्यास होईल. जगाने ज्या प्रथेला लज्जास्पद ठरविले तिच्याहूनही अस्पृश्यता अधिक वाईट आहे, आणि तरीही तिची लाज वाटेनाशी झाली आहे, हे दाखविण्यासाठी ही तुलना आहे. भगवंतांनी योन देशाकडे बोट दाखविले, बाबासाहेबांनी रोमकडे. दोघांची पद्धत एक आहे. आपल्या घरातील अन्याय स्वाभाविक वाटू लागतो, तेव्हा दुसऱ्या देशाकडे पाहून त्याचे मोजमाप करावे लागते.

पाणी, पंगत आणि प्रवेश

आता पुन्हा त्या तीन शिलालेखांकडे वळू. इरिलाने पाण्याची टाकी दिली, चिटाने जेवणाचा मंडप दिला, चंदाने चैत्यगृहाचे द्वार दिले. पाणी, पंगत आणि प्रवेश! वर्णव्यवस्थेने माणसाला दूर ठेवण्यासाठी नेमक्या याच तीन ठिकाणी पहारे बसविले. कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाच्या पंगतीला बसावयाचे आणि देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत यावयाचे, यांवरच माणसाची जात ठरत आली.

धर्मशास्त्राच्या लेखी जो पतित, त्याने कोरवून दिलेल्या टाक्यातील पाणी जुन्नरचे भिक्षू पीत होते. त्याने दिलेल्या मंडपात बसून ते भोजन करीत होते. त्याने दिलेल्या द्वारातून आत जाऊन स्तूपाला वंदन करीत होते. तिन्ही दाने कातळात खोदलेली, म्हणजे कायमची होती. आणि दात्याने आपले यवनपण लपविलेले नाही, उलट सर्वांना दिसेल असे कोरून ठेवले आहे. ते सांगण्यात त्याला संकोच वाटला नाही आणि स्वीकारण्यात संघाला कमीपणा वाटला नाही.

त्याच डोंगरांत इतरांचीही दाने आहेत. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने गणेश लेणी येथील चैत्यगृह दिले. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले. शक उपासक आडुथुम याने जमीन दिली. नगरात धम्मुत्तरीय भिक्षुणींसाठी उपाश्रय होता. संघासाठी ठेवलेल्या निधीच्या व्याजाची जबाबदारी बांबूकाम करणारे व कासार यांच्या श्रेणींवर सोपविलेली होती. ज्या बांबूकामाला पुढील काळात हलके लेखले गेले, ते करणारे लोक त्या काळी संघाचा पैसा सांभाळण्याइतके विश्वासाचे होते. यवन, शक, कल्याणकर, धान्य व्यापारी आणि बांबूकाम करणारे असे सर्व या कातळावर एका पातळीवर आलेले आहेत.

शेजारच्या नाणेघाटातील लेख याच्याशी ताडून पाहावा. तेथे राणी नागनिकेने केलेल्या अश्वमेधादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या हजारो गाई आणि कार्षापणे यांच्या दक्षिणेची यादी आहे. एकाच घाटातून आलेल्या संपत्तीची ही दोन वळणे आहेत. एक यज्ञकुंडाकडे गेले, दुसरे पाण्याच्या टाक्याकडे.

अर्थात जुन्नरचा संघ म्हणजे आदर्श समाजच होता असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. विनयाच्या नियमानुसार मालकाने मुक्त न केलेल्या दासाला प्रव्रज्या देता येत नव्हती. संघाला राजसत्तेच्या आणि श्रीमंतांच्या चौकटीतच वावरावे लागले. परंतु जन्मावरून कोणाच्या दानाला नाकारावयाचे नाही, हे तत्त्व त्याने पाळले, आणि ते पाळल्याचा लेखी पुरावा दगडावर आहे.

सुमारे अठरा शतकांनंतर, २० मार्च १९२७ रोजी, याच सह्याद्रीच्या पायथ्याशी महाडला बाबासाहेबांना चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यावे लागले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या समाज समता संघाला सहभोजने घडवून आणावी लागली. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह करावा लागला. नाशिकच्या त्याच परिसरातील डोंगरात यवन इंद्राग्निदत्ताने चैत्यगृहाचे दार सर्वांसाठी उघडले होते. पाणी, पंगत व प्रवेश यांचा जो प्रश्न जुन्नरच्या संघाने सोडविला होता, तो मधल्या शतकांत पुन्हा निर्माण केला गेला. अस्पृश्यता अनादी आहे असे म्हणणाऱ्यांना ही तीन टाकी-मंडप-द्वारे उत्तर देतात.

समुद्रापलीकडचे उत्तर

हा प्रवाह एका दिशेचा नव्हता. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या रोमनकालीन बंदराच्या उत्खननात इसिस देवतेच्या मंदिराच्या प्रांगणात बुद्धमूर्ती मिळाल्याचे २०२३ साली जाहीर झाले. मूर्ती सुमारे ७१ सेंटिमीटर उंचीची असून भूमध्य समुद्राकडील संगमरवरात घडविलेली आहे. तिचा काळ इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. तेथेच सातवाहनांची नाणी आणि सम्राट फिलिप याच्या काळातील संस्कृत लेखही मिळाला आहे. पश्चिमेचा दगड, पश्चिमेचे बंदर आणि त्यात घडविलेली तथागतांची मूर्ती! ज्या काळात इरिल व चिट शिवनेरीच्या कातळात दान कोरवीत होते, त्याच काळाच्या आगेमागे रोमन इजिप्तमध्ये कोणीतरी बुद्धांपुढे नतमस्तक होत होते. मिरी, मोती आणि कापड यांच्याबरोबर धम्मही जहाजात चढला होता.

प्लिनीने ज्या सोन्याबद्दल हळहळ व्यक्त केली ते सोने वितळले, मोडले, हातोहात गेले. रोमचे साम्राज्य लयास गेले, सातवाहनांचेही गेले. इरिलाची दोन टाकी शिल्लक राहिली.

शिवनेरीवर येणारे असंख्य लोक छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मस्थानास वंदन करून परततात, ते योग्यच आहे. पण त्याच डोंगराच्या कड्यातील लेण्यांकडे फार थोड्यांची पावले वळतात. लेण्याद्रीचा मोठा विहार आज गिरिजात्मज गणपतीचे स्थान म्हणून ओळखला जातो, आणि तो मुळात भिक्षूंचा निवास होता हे अनेकांना ठाऊक नसते. याबद्दल कोणाशी भांडण करावे असे आमचे म्हणणे नाही. आपला इतिहास आपण स्वतः वाचावा, मुलांना वाचावयास शिकवावा, ब्राह्मी लिपीची ओळख करून घ्यावी आणि लेण्यांवर नावे खरडण्याऐवजी तेथे कोरलेली नावे समजून घ्यावीत, एवढेच सांगावयाचे आहे. मढच्या बाजूने येणाऱ्या प्रवाशाला जुन्नर आडवाटेला नाही.

तेथे गेल्यावर टाक्याजवळचा तो लहानसा लेख अवश्य पाहावा. समुद्रापलीकडून आलेल्या एका माणसाने आपल्या पूर्वसूरींना पाणी दिले आणि त्यांनी ते त्याची जात न विचारता घेतले, एवढीच हकीकत त्यात आहे. आपल्या विहारात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आपण ते पाणी तसेच देतो की नाही, हे ज्याचे त्याने तपासून पाहावे.